उज्ज्वलाचे ठिपके

यंदा पिंपळाचं पान मी निवडलं. मोहन्यात आमच्या विहारामागे, कुंपणाला टेकून एक पिंपळ आहे. आषाढी पौर्णिमेच्या सकाळी त्याच्याखाली जायचं, आपणहून गळालेलं एक पान शोधायचं, पदराने पुसायचं आणि ग्रंथात खूण म्हणून घालायचं, अशी आमच्या वस्तीची पद्धत. तोडलेलं पान चालत नाही. कोवळं लवकर चुरगळतं आणि जून मोडतं, म्हणून मधल्या वयाचं बघून घ्यावं लागतं. ती खूण मग आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी थोडी थोडी पुढे सरकते. पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने फिरणं थांबवून एका जागी राहत, तो वर्षावास. आम्ही संसारी माणसं बाराही महिने एका जागीच असतो. म्हणून आम्ही या तीन महिन्यांत रोज सातला विहारात जमतो, एकाने ग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग ज्या घराची पाळी असेल त्या घरची खीर खायची.

पान निवडायचा मान ग्रंथ वाचणाऱ्याचा. तो पाच वर्षांनी माझ्याकडे परत आला. मी पिंपळाखाली वाकले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण पाठीत कळ आली आणि मनात उज्ज्वला आली. या पाच वर्षांत ती मनात आली नाही असा पावसाळा गेलेला नाही.

त्याआधी सलग अकरा वर्षं ग्रंथ मीच वाचत होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, वस्तीतली डी.एड. झालेली पहिली बाई. आता निवृत्त आहे, पण मला सगळे अजून बाईच म्हणतात. माझ्या वाचनात अडखळणं नव्हतं. पाली शब्द आला तरी मी त्याला न अडता ओलांडून जायची. विहाराचं सगळं बघणारे सदाअप्पा, रेयॉनच्या कंपनीतून निवृत्त झालेले, म्हणायचे की बाई वाचायला लागल्या की रेडिओ लावल्यासारखं वाटतं. हे कौतुक मी अकरा वर्षं जपून ठेवलं. रेडिओ लावून माणसं आपापली कामं करत बसतात, हे मला फार उशिरा सुचलं.

उज्ज्वला माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची बायको. आमची घरं शेजारी शेजारी, मधली भिंत एकच. ती सातवीपर्यंत शिकलेली आणि कल्याणला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणारी. सकाळी सहाला शेअर रिक्षाने जाते, दीडला परत येते. तिच्याविषयी पहिल्यांदा मला काही खुपलं ते तिच्या भांड्यांमुळे. त्या एका भिंतीतून मला तिच्या घरातलं सगळं ऐकू येतं, पण भांड्यांचा आवाज कधी येत नाही. पातेलं ओट्यावर ठेवताना ती ते शेवटपर्यंत हातात धरते. माझ्याकडे भांडी आदळतात. मी घाईत असते, आणि कशाची घाई असते ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मला सांगता येत नाही.

मग सासूबाईंचं आजारपण. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना भरवावं लागे. माझ्या हातून जेवताना त्यांना ठसका लागायचा. उज्ज्वला पोळ्या लाटून दमून आलेली असायची, पण तिने वाटी हातात घेतली की म्हातारी मुकाट्याने जेवायची. मी एकदा दारात उभी राहून बघितलं. उज्ज्वला काही विशेष करत नव्हती. एक घास दिला की तो गिळून होईपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची, मग दुसरा कालवायची. मी पहिला घास तोंडात असतानाच दुसरा हातात घेऊन तयार असायची. चूक मला तिथेच दिसली होती. तरी मी दुसऱ्या दिवशी तसं केलं नाही, कारण ते तिचं होतं.

मत्सर हा शब्द पुस्तकी आहे. आम्ही जळणं म्हणतो. मी जळत होते, आणि हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की ते अजून पूर्ण विझलेलं नाही. कोणी गाडी घेतली, कोणी दागिना केला, त्यावर मी कधी जळले नाही. माझ्याकडे तिच्यापेक्षा सगळं जास्त होतं. तिच्याकडे जे होतं त्याला नाव नव्हतं, त्यामुळे ते मागताही येत नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये माझा आवाज बसला. तीस वर्षं वर्गात ओरडून स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. मी माळ्यावरून शाळेतली पाटी काढली आणि घरात पेन्सिलीने बोलायला लागले. आमच्या ह्यांना त्या दिवसांत घरात फार बरं वाटायचं, असं ते आजही सांगतात. प्रश्न वर्षावासाचा होता. सदाअप्पांनी एकदोघांना विचारलं, कोणी तयार होईना. शेवटी त्यांनी उज्ज्वलाला विचारलं. बाईंचा आवाज येईपर्यंत तू सांभाळ, असं ते म्हणाले तेव्हा मी समोरच होते आणि मी मोठ्या मनाने मान हलवली. सातवी शिकलेली ती, चार दिवसांत लोकांना माझी किंमत कळेल, असा माझा हिशोब होता. विहाराच्या दाराची आणि कपाटाची किल्ली मात्र मी माझ्याकडेच ठेवली.

तिच्या वाचनाची पहिली संध्याकाळ मला अजून दिसते. बाहेर सरी, पत्र्याच्या पडवीत चपलांचा ढीग, छत्र्यांचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं. पांढऱ्या साड्या पावसात वाळत नाहीत म्हणून सगळ्या बायकांना ओलसर इस्त्रीचा वास. उज्ज्वलाने चौरंगासमोर मांडी घातली, ग्रंथावरचं कापड सोडलं, आणि काहीच वाचलं नाही. एक मोठा श्वास घेतला. मग ओळीखाली बोट ठेवून एक वाक्य वाचलं. पुन्हा थांबली. मी मनात म्हटलं, अडकली. पण ती अडकली नव्हती. एक वाक्य, एक श्वास, दुसरं वाक्य. पाली शब्द आला की ती त्याच्यासमोर उभी राहायची, अक्षर अक्षर जुळवायची आणि मग उच्चारायची. ष आणि श यांचा आनंदच होता. मी अर्ध्या तासात सहा पृष्ठं वाचायची, तिने दोन वाचली.

आणि लोक ऐकत होते. मी ऐकणाऱ्यांमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच बसले होते, त्यामुळे मला हे बघायला मिळालं. तिच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत माणसं जरा पुढे झुकायची. सदाअप्पा माझ्या वेळी दहा मिनिटांत पेंगायला लागत, ते डोळे उघडे ठेवून बसले होते. खीर वाटताना नेहमी कलकल असते, त्या दिवशी बायका हळू बोलत होत्या. घरी येताना ह्यांनी सहज म्हणून सांगितलं, तिला लाटायची सवय आहे ना, एक झाली की दुसरी, म्हणून तसं वाचते. मी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं.

तो श्रावण मला वासांनी आठवतो. ओल धरलेल्या सतरंज्या, वेलची घातलेली खीर, वीज गेली की लावलेल्या मेणबत्त्या. शहाड स्टेशनाबाहेर बायका टाकळा, कंटोळी अशा रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन बसायच्या, मी पाटीवर भाव विचारायची आणि त्या मला मुकी समजून कंटोळी जास्त घालायच्या. उल्हास नदी भरून चालली होती, पुलावरून जाणारे लोक थांबून बघत. आणि माझं तोंड बंद. एरवी लोक मौनाच्या शिबिराला जातात, मला ते घरबसल्या मिळालं होतं. मन शांत व्हायला याहून चांगली संधी कुठली? पण बाहेरचं बोलणं थांबल्यावर आतलं दुप्पट सुरू झालं, आणि त्यातलं निम्मं उज्ज्वलाविषयी होतं.

एकदा खिरीच्या वेळी कोणीतरी तिला विचारलं, की इतकं शांत कसं वाचतेस. ती लाजली. म्हणाली, मला भरभर येतच नाही. केंद्रात सुरुवातीला मी पण घाई करायचे, पुढच्या पोळीचा विचार करत हातातली लाटायचे, आणि हातातली फाटायची. मग शेठाणी ओरडली की जी पोळी पोळपाटावर आहे तीच बघ. तेवढंच मला जमतं. सगळ्या बायका हसल्या. सदाअप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "अगं, ह्यालाच तर पालीत सती म्हणत्यात, जागेपण. आपण येवढं वाचतोय ते ह्याच्यासाठीच." अकरा वर्षं मी वाचल्यावर त्यांनी मला रेडिओ म्हटलं होतं.

ती रोज दुपारी केंद्रावरून आल्यावर माझ्याकडे किल्ली मागायला यायची. विहार पुसून घेते म्हणायची. चारला किल्ली परत माझ्या हातात द्यायची. पाचला मी स्वतः जाऊन दिवाबत्तीचं बघायची. सहा आठवडे संपत आले तेव्हा डॉक्टरांनी मला हळूहळू बोलायची परवानगी दिली. आवाज जरा घोगरा होता, पण होता. मी त्याच संध्याकाळी सदाअप्पांना ऐकवला. त्यांना खरंच आनंद झाला. मग म्हणाले, "बाई, आता उज्ज्वलाची लय लागलीया. ह्या वर्साचं तिलाच पुरं करू द्या. तुमी घशाला जपा."

मी घशाला जपलं. सगळ्यांशी बोलायला लागले, फक्त उज्ज्वलाशी नाही. ती किल्ली मागायला आली की मी पाटी उचलायची आणि त्यावर लिहायची, घे. भिंतीपलीकडून तिला माझं ह्यांच्याशी चाललेलं बोलणं ऐकू येतच असणार. तरी ती पाटीवरचा तो एक शब्द वाचायची, मान हलवायची आणि किल्ली घेऊन जायची. साठी ओलांडलेल्या शिक्षिकेने असं वागावं, हे आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी ते केलं. पाच वाजता कपाट उघडलं, ग्रंथ काढला, कापड सोडलं. पिंपळाचं पान त्या दिवशीच्या भागावर होतं. मी ते उचललं आणि चष्मा न लावताच दोन पृष्ठं मागे, आदल्या दिवशीच्या भागावर ठेवलं. इतकंच. मला वाटलं होतं, ही अक्षरं वाचते, अर्थ नाही. कालचंच आज पुन्हा वाचायला घेईल आणि तिला कळणारही नाही. मग कोणीतरी म्हणेल, अगं हे झालं की काल, आणि ती गोंधळेल. ती गोंधळलेली मला एकदा बघायची होती. ग्रंथाला हात लावण्याआधी मी हात धुतले होते, हेही मला आठवतं.

सात वाजले. आधी त्रिशरण, पंचशील. सांगणारी एक ओळ म्हणते, बाकीचे तिच्या मागून म्हणतात. चौथ्या शिलाला, खोटेपणापासून दूर राहीन म्हणायच्या वेळी, माझा आवाज निघाला नाही. ओठ हलले फक्त. घशाचं निमित्त होतंच, कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मग उज्ज्वलाने ग्रंथ उघडला. ओळीवर बोट ठेवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. एकदा मान वर करून समोरच्या मेणबत्तीकडे बघितलं आणि वाचायला लागली.

चार वाक्यं झाली असतील, सदाअप्पा खाकरले. "उज्ज्वला, हे काल झालं न्हवं?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती गोंधळली नाही. म्हणाली, "हो अप्पा. कालचं मला नीट कळलं नाय. आज परत वाचू का?"

कोणी नाही म्हणालं नाही. तिने तो सगळा भाग पुन्हा वाचला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, या चौघींचा भाग होता. काल तो वाचला गेला तेव्हा मीही तिथेच बसले होते, पण मला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. कसं आठवणार, ऐकत कोण होतं? आज ऐकलं. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला सुख होणं. मी मान हलवली, जशी वर्गात शिक्षणाधिकारी आले की हलवायची. त्या रात्री खीर खाताना एक म्हातारी बाई म्हणाली, इतकी वर्षं येते, पण एकच गोष्ट दोनदा ऐकल्यावर काय असते ते आज कळलं. पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ग्रंथ कोण वाचणार, हे कोणी विचारलंच नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

मला एकच आधार होता, आणि तो मी पाच वर्षं घट्ट धरून ठेवला. ती खोटं बोलली होती. काल कळलं नाही म्हणून परत वाचते, ही थाप होती. वेळ मारून नेली तिने, तीसुद्धा विहारात, ग्रंथासमोर, पंचशील घेतल्यावर दहाव्या मिनिटाला. ती किती शांत, किती साधी, असं कोणी बोललं की मी मनात ते वाक्य काढायची, त्याच्याकडे बघायची आणि परत ठेवून द्यायची. तीही काही धुतल्या तांदळाची नव्हती. मला बरं वाटायचं. चौथं शील मात्र मी त्या दिवसानंतर कधी मोठ्याने म्हटलं नाही. गर्दीत एक आवाज कमी पडला तर कोणाला कळतं?

मध्ये दोन वर्षांपूर्वी मी ठाण्याला मुलाकडे राहिले होते. घोडबंदर रोडला त्यांचा फ्लॅट आहे, पंधराव्या मजल्यावर. माझी सून श्वेता चांगली मुलगी आहे. सारखी काळजीत असता म्हणून तिने मला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माइंडफुलनेसच्या वर्गाला नेलं. खाली गार फरशी, वर एसी, सगळ्यांना सारख्या रंगाच्या मॅट. शिकवणाऱ्या मुलीने प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवला आणि सांगितलं की हा पाच मिनिटं खायचा आहे. आधी बघायचा, मग हुंगायचा, मग जिभेवर नुसता ठेवायचा. माझा दोन चावांत गिळून झाला. उरलेली साडेचार मिनिटं मी इतरांच्या तोंडांकडे बघत बसले. शेवटी मनात काय आलं ते कागदावर लिहायचं होतं. लोकांनी आजोळ लिहिलं, पाऊस लिहिला, कोणी द्राक्षाची बाग लिहिली. मी लिहिलं, उज्ज्वला. पंधराव्या मजल्यावर, एसीमध्ये, एका मनुक्यातसुद्धा तीच. श्वेताने विचारलं, काकींची आठवण आली का? मी हो म्हटलं. हेही चौथ्या शिलात मोडतं की नाही, कोण जाणे.

आणि यंदा उज्ज्वलाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळाही पाठोपाठ करायचा आहे, तोवर वाचायला बंदी. सदाअप्पा आता काठी टेकत चालतात. ते घरी आले, म्हणाले, बाई, यंदा पुन्हा तुमीच. अकरा वर्षं मिरवलेली आणि पाच वर्षं हुकलेली जागा अशी आपणहून दारात आली. मी लगेच हो म्हटलं, आणि ते गेल्यावर मला आठवलं की जो वाचतो तोच पंचशील सांगतो. आता चौथं शील मला एकटीला, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने म्हणावं लागणार होतं. पहिल्या संध्याकाळी मी त्या शिलापाशी आल्यावर खोकले. घोट घेतला आणि पटकन उरकलं. दुसऱ्या दिवशीही खोकले. समोर पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून उज्ज्वला बसलेली, मी कधीकाळी बसायची त्याच जागी.

ग्रंथ उघडल्यावर पहिल्याच दिवशी मला ठिपके दिसले. पेन्सिलीचे, बारीक, वाक्य संपतं तिथे एक, मोठ्या वाक्यात मध्येच एक. अवघड शब्दांच्या डोक्यावर त्यांची फोड. म्हणजे दुपारी किल्ली घेऊन ती विहार पुसायला जात होती हे अर्धंच खरं होतं. ती तयारी करत होती. रोजच्या दोन पृष्ठांसाठी दीड-दोन तास, सकाळभर पोळ्या लाटून झाल्यावर. माझी पहिली भावना काय झाली ते सांगते. मला आनंद झाला. म्हणजे ते तिचं उपजत नव्हतं, घोकंपट्टी होती. दुसरी भावना यायला दोन दिवस लागले. मी अकरा वर्षांत एकदाही दुपारी ग्रंथ उघडला नव्हता.

म्हणून मीही दुपारची जायला लागले. तिच्या ठिपक्यांवर थांबून बघायची. सुरुवातीला गुदमरल्यासारखं झालं. इतका वेळ गप्प राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं वाटायचं. मग एकदा एका ठिपक्यावर मला बाहेरच्या पिंपळाची सळसळ ऐकू आली. ती आधीही असणारच.

चौथ्या आठवड्यात त्या चौघींचा भाग आला. दुपार होती, विहारात मी एकटी. ठिपके होतेच. मुदितेच्या परिच्छेदाशी समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. उज्ज्वलाचं अक्षर मी ओळखते, ती वेलांट्या फार मोठ्या काढते. मी चष्मा पुसला आणि वाचलं. 'मुदिता कळली नाही. ताईंचा आवाज सुटला की विचारणे.'

ताई म्हणजे मी. आवाज माझा फक्त त्याच वर्षी बसला होता, आणि तिच्यापुरता तो तेव्हाही सुटलेला नव्हता. म्हणजे हे तिने त्या वर्षी लिहिलं, हा भाग पहिल्यांदा वाचला त्या दुपारी, मी खूण हलवली त्याच्या आदल्या दिवशी. तिला खरंच कळलं नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. पाच वर्षं मी ज्याच्यावर टेकून उभी होते ते असं एका ओळीत गेलं. आणि तिला विचारायचं होतं ते मला. दुसऱ्याच्या सुखाने सुख कसं होतं, हे तिला माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

चार वाजता तिच्या डोळ्यात औषध घालायचं माझ्याकडे आहे. दीर कामावर असतो, मुलगी सासरी. मी गेले तेव्हा ती कॉटवर उताणी पडून छताकडे बघत होती. मी हात धुतले, बाटलीचं झाकण काढलं, तिची खालची पापणी ओढली.

"उज्ज्वला, तू मला मुदिता विचारणार होतीस."

"बघितलंत होय ते? खोडायचं राहून गेलेलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही पाटीवर लिहायचात, ताई. पाटीवर काय विचारू?"

तिचा डोळा उघडा होता आणि मी त्याच्या वर बाटली धरून उभी होते. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी म्हटलं, "खूण मी हलवली होती."

"माहीत हाय मला. दुपारी मीच पान ठेवून किल्ली तुमच्या हातात दिलेली ना." मग ती म्हणाली, "थेंब टाका आधी. टाकल्यावर दोन मिनिटं बोलायचं नाय, डॉक्टरांनी सांगितलंय."

मी थेंब टाकला. तिने डोळे मिटले. मी कॉटच्या कडेला बसले. बाहेर पागोळ्या गळत होत्या, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तिच्या मिटलेल्या डोळ्यातून औषधाची एक रेघ कानाकडे गेली आणि मी ती पदराने टिपली. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघत बसले नव्हते.

मग तीच बोलली, डोळे मिटूनच. म्हणाली की मुदिता तिला अजूनही जमलेली नाही. मी वाचायची तेव्हा अकरा वर्षं ती माझ्या आवाजावर जळायची. पोळ्या लाटताना माझ्यासारखं म्हणून बघायची, आणि शेठाणी विचारायची की काय पुटपुटतेस. तिला माझ्यासारखं एकदा तरी न थांबता वाचायचं होतं. ठिपके तिने हौसेने नव्हे, लाजेने काढले होते, कारण मध्येच अडखळलं तर मी हसेन असं तिला वाटायचं.

हे ऐकून मला फार आनंद झाला. ती माझ्यावर जळत होती, अकरा वर्षं, ग्रंथाच्या हिशोबात माझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त. हा आनंद म्हणजे मुदिता नव्हे, एवढं मला कळतं. पण मला झाला, आणि तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही. तिला दिसलं नाही, डोळे मिटलेले होते. तरी ती हसत होती.

त्या संध्याकाळी चौथ्या शिलाला मी खोकले नाही. समोरून काळ्या चष्म्याआडून ते माझ्या मागे म्हटलं गेलं. मग मी त्या चौघींचा भाग वाचला, तिच्या ठिपक्यांवर थांबत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा खूण पुढच्या भागावर होती, मीच ठेवलेली. ती मी उचलली आणि एक दिवस मागे नेली. सात वाजता ग्रंथ उघडला, श्वास घेतला आणि वाचायला लागले. चार वाक्यांनी सदाअप्पा खाकरले आणि म्हणाले, बाई, हे काल झालं न्हवं?

मी म्हटलं, "हो अप्पा. कालचं मला नीट कळलं नाही."